ओल्या भिंतीचा धर्मविचार

पुराने नासलेले घर पुन्हा राहण्याजोगे करण्याच्या कामाकडे भारतीय धर्मविचार कोणत्या दृष्टीने पाहतो, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. कारण गाळ उपसणे, भिंती वाळवणे, गिलावा खरवडणे ही कामे गवंड्याची आणि मजुराची समजली जातात आणि धर्माचा संबंध फार तर काम आटोपल्यानंतरच्या पूजेपुरता मानला जातो. भंडारा जिल्ह्यात २०२० साली मात्र हा प्रश्न खुद्द पंचांगानेच समोर आणला. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला आली, वैनगंगेचा महापूर २९ आणि ३० ऑगस्टला, म्हणजे गौरीविसर्जनानंतर आणि अनंत चतुर्दशीच्या आधी, नदीकाठच्या गावांत आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत शिरला. त्यानंतर २ सप्टेंबरला पितृपक्ष लागला, तो १७ सप्टेंबरच्या सर्वपित्री अमावास्येपर्यंत चालला आणि नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी नवरात्र न बसता १८ सप्टेंबरपासून अधिक आश्विन सुरू झाला, जो १६ ऑक्टोबरला संपला. लोकसमजुतीप्रमाणे पितृपक्षात नवे काम आरंभू नये आणि अधिक मासात, ज्याला शास्त्रग्रंथ मलमास म्हणतात, शुभकार्य करू नये. ही समजूत अक्षरशः पाळावयाची, तर चिखलाने भरलेल्या घराच्या दुरुस्तीला सलग दीड महिना मुहूर्तच नव्हता.

या पेचाचे उत्तर कर्माच्या एका जुन्या वर्गीकरणात आहे. मीमांसक आणि धर्मशास्त्रकार कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे तीन प्रकार मानतात. संध्यावंदनासारखे रोज करावयाचे ते नित्य. ग्रहण, जन्म, मृत्यू यांसारखे निमित्त उद्भवले म्हणजे जे टाळता येत नाही ते नैमित्तिक. आणि विशिष्ट फळाची इच्छा धरून स्वतःच्या सोयीने आरंभलेले ते काम्य. मलमासाचा निषेध मुख्यतः काम्य कर्मांना आणि पुढे ढकलता येण्याजोग्या मंगलकार्यांना लागू होतो. नित्य कर्म त्या महिन्यात थांबत नाही आणि ज्याला दुसरा काळ मिळू शकत नाही असे नैमित्तिकही थांबत नाही. नवे घर बांधणे हे काम्याच्या जवळचे आहे, कारण ते बांधणाऱ्याच्या इच्छेवर आणि ऐपतीवर अवलंबून असते. पडलेल्या भिंतीची डागडुजी मात्र इच्छेतून निघत नाही. तिचे निमित्त पाणी घेऊन येते, गृहस्थ ते निवडत नाही, आणि काळ वाया गेला तर हानी वाढते. म्हणून ती नैमित्तिकात मोडते, असे म्हणणे शास्त्राला सोडून होणार नाही; आणि ‘पितृपक्ष उलटू द्या, अधिक संपू द्या’ असे पूरग्रस्ताला सांगणारा सल्लागार धर्माच्या नावाने एक वर्ग दुसऱ्या वर्गात मिसळून टाकतो, ही चूक स्पष्टपणे दाखवली पाहिजे.

ही केवळ तर्काने काढलेली पळवाट नाही, हे मुहूर्तग्रंथांवरूनच दिसते. गृहप्रवेशाचे तीन प्रकार त्या परंपरेत सांगितले आहेत: नव्या घरात प्रथम पाऊल टाकणे हा अपूर्व प्रवेश, दीर्घ प्रवासानंतर आपल्या घरी परतणे हा सपूर्व प्रवेश, आणि अग्नी, जल यांसारख्या आपत्तीने बिघडलेले घर नीट करून त्यात पुन्हा जाणे हा द्वंद्व प्रवेश. राम दैवज्ञाने शके १५२२ मध्ये, म्हणजे इ. स. १६०० च्या सुमारास, काशी येथे रचलेला मुहूर्तचिंतामणी हा महाराष्ट्रातील जोशीमंडळींच्या नित्य वापरातला ग्रंथ. त्यात जुन्या किंवा आपत्तीनंतर पुन्हा उभारलेल्या घरात शिरण्यासाठी नव्या घरापेक्षा अधिक महिने मोकळे ठेवले आहेत, आणि अशा प्रवेशाला गुरु-शुक्रांच्या अस्ताचा विचार अवश्य नाही असेही सांगितले आहे. ज्या शास्त्राचा हवाला देऊन विलंब सुचवला जातो, त्याच शास्त्राने आपत्तीत सापडलेल्यासाठी दार सैल ठेवले आहे. येथे आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा. मुहूर्ताची चर्चा प्रवेशाची आहे, दुरुस्तीची नाही. गाळ काढण्याला कोणत्याही ग्रंथाने नक्षत्र शोधलेले नाही.

गाळ काढण्याविषयी धर्मशास्त्र बोलते ते शुद्धीच्या प्रकरणात, आणि तेथे त्याचे बोलणे आश्चर्य वाटावे इतके व्यवहाराला धरून आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भूमीच्या शुद्धीचे पाच उपाय दिले आहेत: झाडणे, सारवणे, पाणी शिंपडणे, खरवडणे आणि गाईंना त्या जागी राहू देणे. यांतील पाचवा उपाय आजच्या घरात शक्य नसला, तरी उरलेले चार पूर ओसरल्यानंतर कोणतीही जाणती गृहिणी करते तेच आहेत. पूर्व विदर्भातील जुन्या घरांच्या भिंती मातीच्या, छप्पर कवेलूंचे आणि जमीन सारवणाची असते. अशा घरात पाणी शिरले म्हणजे भिंतीचा पाया खालून पाणी शोषून घेतो, आणि पाणी असताना उभी राहिलेली भिंत पाणी उतरल्यानंतर दोन-चार दिवसांनी, पुष्कळदा ऊन पडल्यावर, खचते; कारण माती ओली असताना तिची ताकद गेलेली असते आणि वरच्या कोरड्या भागाचे व छपराचे ओझे मात्र तेवढेच राहते. ज्या घरांत छप्पर भिंतीवर न टेकता लाकडी खांबांवर उभे असते, तेथे भिंत गेली तरी कवेलू जागेवर राहतात. अनुभवी माणसे म्हणूनच आधी छपराला टेकू देतात, मग भिंतीचा फुगलेला थर ओल लागलेल्या उंचीच्याही वरपर्यंत खरवडून काढतात, आणि आतली माती पुरती वाळेपर्यंत नवा थर चढवत नाहीत. घाईने सिमेंटचा गिलावा मारला, तर ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत गिलाव्याचे पोपडे सुटतात. मनुस्मृतीतील उल्लेखन, म्हणजे खरवडणे, हे नुसते कर्मकांडातले पद नाही, हे येथे समजते. जे बिघडले ते काढल्याशिवाय त्यावर शुद्धीचा लेप देता येत नाही, हा नियम भिंतीला जसा लागू आहे तसा विधीलाही आहे: वास्तुशांतीचा होम ओल्या, कुजट वासाच्या खोलीत उरकून घेणे हे गोमूत्र शिंपडून गाळ झाकण्यासारखेच आहे.

देवघराचा प्रश्न याच संदर्भात येतो आणि तो लोकांच्या मनाला सर्वाधिक टोचतो. त्या वर्षी पाणी आले तेव्हा अनंत चतुर्दशीचे विसर्जन व्हावयाचे होते, आणि मातीची मूर्ती विसर्जनाच्या आधीच पाण्यात विरघळणे हा अपशकुन मानण्याची प्रवृत्ती समाजात आहे. पार्थिव पूजेची कल्पना मात्र या भीतीला आधार देत नाही. पार्थिव म्हणजे पृथ्वीच्या मातीची; अशा मूर्तीत देवत्वाचे आवाहन ठरावीक काळापुरते केलेले असते आणि ती पाण्यात परत जाणे हा तिचा ठरलेला शेवट असतो. नदीने तो दोन दिवस आधी घडवला, एवढेच. भिजलेल्या पोथ्या, तसबिरी आणि दुकानातल्या वह्या यांचीही काळजी घेण्याची रीत एकच आहे: ज्या वाळवून वाचवता येतील त्या पान पान सुटे करून सावलीत वाळवाव्यात, कारण उन्हात पाने आखडतात, आणि ज्या गेल्या त्या आदराने मातीत द्याव्यात. वेदांत आणि सातबाराचा उतारा यांत येथे भेद करण्याचे कारण नाही.

आता ज्या पाण्याने हे सारे केले त्याच्याविषयी. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते आणि तिच्या नावातच गंगा आहे. तिच्या काठावर पवनीसारखे घाटांचे आणि देवळांचे गाव वसले आहे. जी नदी पाप धुते ती घरात शिरल्यावर घर अशुद्ध कसे होते, हा विरोध सामान्य भाविकाला जाणवतो, पण त्याची उकल बहुधा केली जात नाही. धर्मनिबंधांनी आपल्या परीने ती केली आहे. सूर्य कर्क आणि सिंह राशीत असताना, म्हणजे ऐन पावसाळ्यात, काही मोठ्या नद्या सोडून इतर सर्व नद्या रजस्वला असतात आणि त्या काळात काही दिवस त्यांत स्नान करू नये, असे ते सांगतात; तीरावरच राहणाऱ्यांना या दोषातून सूट देणारे मतही त्यांत आढळते. स्त्रीच्या ऋतुधर्माला अशुद्धी मानणारी ही प्रतिमा आज स्वीकारण्यासारखी नाही, आणि ती तशीच्या तशी सांगत राहणे स्त्रियांवर अन्याय करणारे आहे. परंतु प्रतिमा बाजूला ठेवली तरी तिच्यामागचे निरीक्षण उरते: नदीचे पावित्र्य हा तिच्या पाण्याला कायमचा चिकटलेला गुण नाही, तो काळ, स्थान आणि अवस्था यांवर अवलंबून आहे. पुराच्या पाण्यात शेतातले खत असते, संडासांच्या खड्ड्यांतली घाण असते, मेलेली जनावरे असतात. ते पाणी शिरलेल्या विहिरीचा उपसा करून ती निर्जंतुक करणे आणि त्यात भिजलेले धान्य टाकून देणे यात नदीचा अपमान नाही. नदीला आई मानणाऱ्या माणसाला तिचे गढूळ पाणी न पिण्याचा अधिकार आहे.

येथपर्यंतचा विचार गृहस्थाच्या कर्तव्याचा झाला. पण दुरुस्ती हे नैमित्तिक कर्म असेल, तर निमित्त कोणी निर्माण केले हे विचारावेच लागते, आणि भंडाऱ्यात ते विचारणे विशेष गरजेचे आहे. सांख्यदर्शन माणसाच्या दुःखाचे तीन वर्ग करते: शरीर-मनातून उठणारे आध्यात्मिक, इतर प्राण्यांपासून आणि माणसांपासून होणारे आधिभौतिक, आणि वारा, पाऊस, ग्रह यांसारख्या दैवी शक्तींपासून होणारे आधिदैविक. पूर हा सहजपणे तिसऱ्या वर्गात टाकला जातो. शासकीय भाषेतला ‘नैसर्गिक आपत्ती’ हा शब्दप्रयोगही तेच करतो. २०२० चा पूर मात्र केवळ भंडाऱ्यावर कोसळलेल्या पावसाचा नव्हता. सिवनी, बालाघाट, छिंदवाडा या वरच्या भागात अतिवृष्टी झाली. वैनगंगेवर भीमगड येथे असलेल्या संजय सरोवरातून आणि पेंचवरील धरणांतून पाणी सोडले गेले. खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झालेला आणि पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळालेला गोसेखुर्द प्रकल्प जिल्ह्याच्या सिंचनाची आशा आहे, आणि त्याच्या जलाशयासाठी अनेक गावांनी आपली जुनी घरे कायमची सोडली आहेत. अशा नदीवर, जिच्यातले पाणी कोणत्या दिवशी किती वाहावे हे काही अंशी माणसे ठरवतात, आलेला पूर पूर्णपणे आधिदैविक म्हणता येत नाही. पाऊस दैवी आहे. दरवाजा उघडण्याची वेळ, खालच्या गावांना दिलेली सूचना, दोन राज्यांच्या यंत्रणांमधला निरोप हे आधिभौतिक आहे. दुःखाचा वर्ग बदलला की त्यावरचा उपायही बदलतो. आधिदैविक दुःखावर शांतिकर्म सांगितले आहे. आधिभौतिक दुःखावर उत्तरदायित्व लागते. दैवाच्या नावावर माणसाचा वाटा झाकला जातो तेव्हा धर्म आणि सत्य या दोहोंचेही नुकसान होते. दैव आणि पुरुषकार यांची तुलना करताना याज्ञवल्क्य स्मृतीने रथाचा दाखला दिला आहे: एका चाकाने रथ चालत नाही, तसे पुरुषप्रयत्नावाचून दैव फळत नाही. हा दाखला सहसा यशाच्या संदर्भात सांगितला जातो, पण आपत्तीलाही तो तितकाच लागू पडतो.

राजाच्या वाट्याचे कर्तव्य प्राचीन ग्रंथांनी संदिग्ध ठेवलेले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ महाभयांची यादी आहे, त्यांत आग, रोगराई आणि दुष्काळ यांच्याबरोबर पूर येतो. नदीकाठच्या गावकऱ्यांनी पावसाळ्यात पुराच्या टप्प्याबाहेर राहावे, फळ्या, बांबू आणि नावा तयार ठेवाव्यात, वाहून जाणाऱ्याला भोपळे, चामड्याच्या पखाली, होड्या यांच्या साहाय्याने वाचवावे. आणि जो मदतीला धावत नाही त्याला, होडी नसलेल्याचा अपवाद वगळता, बारा पणांचा दंड करावा. लागलीच पुढे पर्वकाळी नदीची पूजा करावी असेही सांगितले आहे. पूजा आणि होडी एकाच प्रकरणात शेजारी शेजारी ठेवणारा हा लेखक पूजेने होडीची उणीव भरून निघते असे कोठेही म्हणत नाही. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिलालेखात याच विचाराचे दुसरे टोक दिसते. शक क्षत्रप रुद्रदामनाच्या काळी, शके ७२ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १५० च्या आसपास, वादळी पावसाने सुदर्शन तलावाचा बांध फुटला. फुटीचा आकार पाहून मंत्र्यांनी दुरुस्तीला विरोध केला, प्रजा हताश झाली, आणि मग राजाने प्रजेवर कर किंवा वेठ न लादता आपल्या कोशातून तो बांध पुन्हा उभारला, असे तो लेख नोंदवतो. पुढे तीनशे वर्षांनी स्कंदगुप्ताच्या काळी तोच बांध पुन्हा फुटला आणि पुन्हा दुरुस्त झाला. राजाची स्तुती करण्यासाठी कोरलेल्या लेखात विजयांच्या बरोबरीने दुरुस्तीला स्थान मिळावे, हे विचार करण्यासारखे आहे.

या मापाने पाहिले तर २०२० च्या पुराच्या वेळचे मदतीचे नियम अपुरे वाटतात. २०१५ ते २०२० या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती निवारणाच्या निकषांनुसार पूर्णपणे पडलेल्या घराला सपाट प्रदेशात ९५,१०० रुपये, तर किमान १५ टक्के हानी झालेल्या पक्क्या घराला ५,२०० आणि कच्च्या घराला ३,२०० रुपये अशी मदत होती. ज्या कच्च्या घराची भिंत पुराने आधी खचते, त्यालाच अंशतः हानीसाठी कमी रक्कम, हे त्या निकषांतले व्यस्त प्रमाण आहे. हिशेबाची सोय म्हणून अशी श्रेणी लागते हे मान्य करूनही, मातीची भिंत पाणी उतरताच दाखवते त्यापेक्षा आठवड्याने अधिक हानी दाखवते, आणि पाणी ओसरताच झालेल्या पंचनाम्यात ती हानी येत नाही, ही गोष्ट मदतीचा निकष आखणाऱ्याने ध्यानात घ्यावयास हवी. शेजाऱ्याच्या वाट्याविषयी मात्र या भागाला कोणी शिकवण्याची गरज नाही. कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले या जिल्ह्याचे असंख्य तलाव गावाने मिळून राखलेल्या पाळींमुळेच टिकले, आणि विदर्भाच्या मातीतून आलेल्या तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धी हा स्वतंत्र अध्याय आहे. एकमेकांच्या अंगणातला गाळ उपसणे हे तेथे उपासनेच्या बाहेरचे काम मानलेले नाही.

यापुढे एक कठीण आक्षेप उरतो, आणि तो प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. ज्या सांख्यांनी दुःखाचे तीन वर्ग केले, त्यांनीच असेही म्हटले आहे की लौकिक उपाय ऐकांतिक आणि आत्यंतिक नसतात. ऐकांतिक म्हणजे हमखास दुःख दूर करणारे आणि आत्यंतिक म्हणजे ते पुन्हा येऊ न देणारे. नदीकाठच्या घराची दुरुस्ती हे याचे अगदी नेमके उदाहरण होय, कारण भिंत कितीही नीट बांधली तरी पुढचा पूर तिला विचारून येत नाही. मग विवेकी माणसाने या कामात मन का घालावे? बौद्ध विचारात हा आक्षेप अधिक तीव्र होतो. सर्व संस्कार, म्हणजे घडलेल्या सर्व वस्तू, अनित्य आहेत. आणि बोधिप्राप्तीनंतर बुद्धाने तृष्णेला घर बांधणाऱ्याच्या रूपात ओळखून, तुझे घर मोडले, आता तू पुन्हा बांधणार नाहीस, अशा आशयाचे उद्गार काढल्याचे धम्मपद सांगते. तेथे घर मोडणे हीच मुक्ती आहे.

आणि तरीही याच परंपरेच्या विनयग्रंथांत नवकम्म नावाची व्यवस्था आहे. विहाराचे बांधकाम आणि तुटके-फुटके भाग नीट करणे याला नवकम्म म्हणत, आणि ते पाहणाऱ्या भिक्षूला नवकम्मिक. हे पद भारहूतसारख्या स्तूपांच्या शिलालेखांतही आढळते. पुढच्या शतकांतील दानपत्रांमध्ये विहारांना आणि देवळांना गावे देताना त्यांचे उत्पन्न पूजेबरोबर खंडस्फुटिताच्या दुरुस्तीसाठी, म्हणजे मोडल्या-भंगल्या भागासाठी, वापरावे असे नमूद करण्याची प्रथाच पडली. अनित्यतेचा उपदेश करणाऱ्यांनीच दुरुस्तीचे कायमचे पद निर्माण केले, यात विसंगती नाही. वस्तू टिकणार नाही हे ज्याला खरोखर ठाऊक आहे, तोच तिच्या डागडुजीची आधीच तरतूद करतो. टिकेल असे मानणारा ती तरतूद करत नाही आणि पुरानंतर नशिबाला दोष देतो. आत्यंतिक नसलेला उपाय टाकून द्यावा, असे सांख्यांचेही म्हणणे नाही. त्यांचे म्हणणे इतकेच की त्याला अंतिम समजू नये. भूक पुन्हा लागते म्हणून कोणी स्वयंपाक सोडत नाही.

हा विचार भंडारा जिल्ह्याला बाहेरून आणून जोडलेला नाही. पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये केलेल्या उत्खननात वैनगंगेच्या काठावरचा एक प्राचीन स्तूप उजेडात आला, ज्याचा विस्तार एकाहून अधिक टप्प्यांत झाला होता. तेथून मिळालेल्या शिल्पांत मुचलिंद नागाचे शिल्प आहे आणि त्यावर ब्राह्मी लिपीत त्याचे नाव कोरलेले आहे. बोधीनंतरच्या आठवड्यांत अवकाळी पाऊस लागला तेव्हा या नागाने सात दिवस बुद्धाच्या देहाभोवती वेटोळे घालून मस्तकावर फणा धरली, अशी कथा आहे. पावसाळ्यात फुगणाऱ्या नदीच्या काठी राहणाऱ्या माणसांनी बुद्धचरित्रातला नेमका हा प्रसंग दगडात ठेवला, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. ज्याने देहाच्या घराचा मोह टाकला होता, त्यालाही पावसात आडोसा लागला. आणि तो देणारा पाण्यातलाच प्राणी होता.

उरतो तो पुनःप्रवेशाचा विधी. मुहूर्तचिंतामणीने द्वंद्व प्रवेशासाठी कार्तिक आणि मार्गशीर्ष हे महिने विशेषत्वाने सांगितले आहेत, आणि व्यवहारातही ते बरोबर बसतात, कारण भाद्रपदात भिजलेली मातीची भिंत आश्विनाचे ऊन खाऊन साधारण त्याच सुमारास आतपर्यंत कोरडी होते, धानाची कापणी सुरू झालेली असते आणि घरात दोन पैसे येण्याची आशा असते. विधीला कलश लागतो, आणि कलशात नदीचे पाणी. जे घर वैनगंगेने बुडवले त्याच्या उंबरठ्यावर वैनगंगेचेच पाणी आणावे की नाही, याचा निर्णय कोणत्याही ग्रंथाने दिलेला नाही, तो त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी करावयाचा आहे. कार्तिकात ते पाणी निवळलेले असते आणि घाटाच्या पायऱ्या पुन्हा वर आलेल्या असतात.